तक्रार: वॉरंटीतल्या बी ५५० मदरबोर्डचा बंद मेमरी चॅनेल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनने माझी तक्रार निवारण झाली म्हणून बंद केली. बोर्ड बिघडलेलाच आहे.

तुमचा चार स्लॉटचा बी ५५० बोर्ड, रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० रॅम स्टिक, असा धाकट्या भावाचा पीसी आहे. ग्राफिक्स कार्डाचे पैसे नव्हते, म्हणून आतच ग्राफिक्स असलेला ५६००जी घेतला. रॅमचे दोनच स्लॉट असलेला ए ५२० बोर्ड स्वस्तात मिळत होता, तरी पुढेमागे आणखी दोन स्टिक लावता याव्यात म्हणून तुमच्या बोर्डाला जादा पैसे मोजले. रॅमसुद्धा तुमच्याच वेबसाइटवरच्या यादीतून, मॉडेल नंबर जुळवून घेतली.

ए१, ए२ हे स्लॉट एका मेमरी चॅनेलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका मार्गावर, आणि बी१, बी२ दुसऱ्यावर. मॅन्युअलप्रमाणे ए२ आणि बी२ मध्ये स्टिक लावल्या की रॅमचा बिघाड दाखवणारा बोर्डावरचा डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहतो, स्क्रीन काळी. कुठलीही एक स्टिक ए२ मध्ये लावली की मशिन सुरू. तीच बी१ किंवा बी२ मध्ये लावली की पुन्हा पिवळा दिवा. बोर्डाचं सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, अपडेट केलं, सीमॉस क्लिअर करून सेटिंग मूळपदावर आणली, रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग बंद ठेवून २१३३ च्या कमी वेगावरही पाहिलं. दुकानदाराने स्वतःकडची रॅम आणि दुसरा प्रोसेसरही लावून बघितला. तीच गत. बोर्डाचा बी चॅनेल गेला आहे, हे तुमच्या इंजिनिअरला एवढ्यावरून कळायला हवं.

आता आजचा फोन. तुमचा माणूस म्हणाला, "दोन्ही स्टिक ए१ आणि ए२ मध्ये लावा." लावल्या. मशिन सुरू झालं.

"किती रॅम दिसते, सर?"

"१६ जीबी. पण सिंगल चॅनेल."

"१६ जीबी दिसतंय ना? मग प्रॉब्लेम सुटला."

मी म्हटलं, दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर आहेत, दुसरा बंदच आहे. त्यावर, "गेम सुरू होतो ना, सर?" मी सुपरवायझर मागितला. बराच वेळ होल्डवर ठेवल्यावर ते आले आणि म्हणाले, "बजेट पीसीत एवढा फरक जाणवत नाही. जास्त परफॉर्मन्स हवा असेल तर ग्राफिक्स कार्ड घ्या." आणि फोन ठेवला.

साहेब, फरक बजेट पीसीतच सगळ्यात जास्त जाणवतो. ३२०० च्या वेगावर एका चॅनेलची कमाल क्षमता सेकंदाला २५.६ जीबी, दोन्हींची ५१.२. ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही याच रॅमवर चालतात. महागडं कार्ड लावणाऱ्याचं एका चॅनेलवर एक वेळ भागेल, आमचं भागत नाही. व्हॅलोरंट गेममध्ये समोर धूर (स्मोक) पडला की चित्र अडकतं. तुमची कंपनी मदरबोर्ड बनवते आणि तुमचा सुपरवायझर मला हे सांगतो, याचा मला संताप आहे. वॉरंटीतला बोर्ड बिघडला तर मी ग्राफिक्स कार्ड का विकत घ्यायचं?

बोर्ड डीडीआर४ ड्युअल चॅनेल असल्याचं तुमच्याच बॉक्सवर छापलं आहे. १६ जीबी दिसणं म्हणजे ड्युअल चॅनेल नव्हे. ज्या दोन स्लॉटसाठी जादा पैसे दिले, तेच दोन बंद आहेत.

हॉस्टेलच्या दिवसांपासून कुणीही बोर्ड विचारला की मी तुमचंच नाव सांगत आलो. आता सांगवत नाही.

तक्रार पुन्हा उघडा आणि बोर्ड बदलून द्या. दुरुस्त केलेला जुना नको, नवा हवा, आणि कुरिअरचा खर्च तुमचा. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते आणि एवढ्या किमतीच्या वस्तूला फीही लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र इथवर यावं लागेल.

बिल, सीरियल नंबर आणि पेटलेल्या पिवळ्या दिव्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. या वेळी उत्तर फोनवर नको, ई-मेलवर द्या.

तुमचा ग्राहक,
सोलापूर