मुरूडच्या तात्यांना, चारचौघांत

तीर्थस्वरूप तात्यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमचा नातू वाचतो, आणि तो हे पडवीत बसून मोठ्याने वाचून दाखवणार. काकी, तुम्हीही ऐका. तात्या मध्येच गुरांना पाणी दाखवायचं निमित्त काढून उठले तर त्यांना खाली बसवा.

पुण्याला परतल्यावर मी फोनवर आभार मानायला लागले, तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवलात आणि इकडे थंडी किती आहे ते विचारलंत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुम्हाला थंडीवर जाता येणार नाही.

आधी रागाचं सांगून मोकळी होते. आम्हा चौघांना दापोलीजवळच्या कर्दे-मुरूडला धावायला ज्यांनी पाठवलं, त्यांनी त्याचे पैसे घेतले होते. बदल्यात मोबाईलच्या नकाशावर मार्गाची एक निळी रेघ दिली आणि तिच्या खाली 'निसर्गरम्य' असं लिहिलं. रेघ कर्द्याच्या पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, सकाळी सहाला निघत होती. त्या दिवशी मार्गशीर्षातली अष्टमी. पुळण होतीच कुठे? पाणी थेट सुरूच्या मुळांशी आलेलं. उरलेली वाळू कोरडी, भुसभुशीत, शिवाय समुद्राकडे उतरती. एक पाय कायम खाली, दुसरा वर, आणि दोन्ही घोट्यापर्यंत रुतलेले. पोटऱ्यांची वाट लागल्यावर रेघ सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, चढली आणि हापूसच्या एका बागेच्या कुलूपबंद फाटकापाशी पोचली. फाटकापलीकडे ती मजेत पुढे जात होती, आम्हाला मात्र तारेचं कुंपण. आयोजकांना फोन केला, उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला : "एन्जॉय द रूट!" ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी गाडी करून दिली असती. आदल्या संध्याकाळी रस्ता विचारला तेव्हाही त्यांनी गाडीचाच दर सांगितला होता.

आणि मग गुरांच्या वाटेने भलत्याच बाजूला उतरून आम्ही तुमच्या खळ्यात येऊन उभे राहिलो. शेणाने सारवलेलं खळं, त्यावर वाळत घातलेली सुपारी, आणि चार घामेजलेली माणसं ती तुडवायच्या बेतात. तुम्ही ओरडला नाहीत. हाताने फक्त 'कडेने या' अशी खूण केलीत. पाण्याचा तांब्या आणि गूळ बाहेर आला. "कशाला धावता?" हे तुम्ही विचारलं नाहीत, याची नोंद आमच्यापैकी प्रत्येकाने मनात करून ठेवली आहे. नातेवाईक, शेजारी, सोसायटीचा वॉचमन, सगळे आम्हाला तेच विचारतात.

सगळी हकिगत ऐकून तुम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलंत आणि म्हणालात, "आज अष्टमी नाय का? अष्टमीची पाऊणपट सहा. सहाला भरती पुरी भरते. त्या वेळी पुळणीत कोण जातं?" तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ओहोटी तिथून सहा तासांनी. रोज पाऊण तास पुढे. इतका साधा हिशेब, आणि घड्याळात हृदयाचे ठोके मोजणाऱ्या आम्हा शहाण्यांना तो माहीत नव्हता. ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट आणि सपाट असते, त्यावर कर्द्यापासून मुरूडपर्यंत पाय नुसते पळतात, हे पैसे घेणाऱ्याने सांगायला हवं होतं ना? ते सांगितलं सुपारी वाळवणाऱ्याने.

मग तुम्ही विचारलंत, "उद्या कुठनं जाणार?" आम्ही सड्याकडे बोट दाखवलं. वरून आडवं जाऊन आसूदच्या बाजूला उतरायचं मनात होतं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि सुपारी वरखाली करायला लागलात.

दुसऱ्या दिवशी पहाटे सड्यावर दाट धुकं होतं. ज्यांनी कोकणातला सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, वर झाड म्हणून नाही, सगळा जांभ्याचा कातळ, त्यावर गुडघाभर वाळलेलं गवत, आणि गवतातून गुरांनी पाडलेल्या वाटा. सगळ्या एकसारख्या. एक पाणवठ्याला जाते, एक कुणाच्या बागेला, एक नुसतीच कड्यापर्यंत जाऊन थांबते. डोक्यावरच्या बॅटरीचा उजेड धुक्यात चार हातांवर संपत होता. पहिला फाटा आला आणि आम्ही थांबलो.

तिथे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, एका चिऱ्यावर पांढरी रेघ होती. बोटाने ओढलेली, वीतभर. पुढच्या फाट्यावर तशीच आणखी एक. मग लक्षात आलं की रेघा सगळ्या डाव्या हाताला आहेत, कमरेच्या उंचीवर. जमिनीवर काढल्या असत्या तर गवताने झाकल्या असत्या. जिथे गडगा नव्हता तिथे दोन दगड एकावर एक ठेवून वरच्या दगडावर रेघ. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायला लागलो तर एका ठिकाणी एकाऐवजी दोन रेघा. का, ते पाय ठेवल्यावर कळलं. त्या पायरीचा चिरा डुगडुगत होता.

मी एका रेघेला बोट लावलं. चुना ओला होता.

तात्या, मला तेव्हा रडू आलं ते धुक्यामुळे कुणाला दिसलं नाही, म्हणून आता सांगते. आदल्या संध्याकाळी कुणाला तरी पाठवून खुणा करून ठेवणं वेगळं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आमच्या आधी उठून, अंधारात तो चढ चढून, तंबाखूच्या डबीतल्या चुन्याने प्रत्येक फाट्यावर बोट ओढत जाणं वेगळं. आणि आम्ही पोचायच्या आत दुसऱ्या वाटेने घरी परत येणं, म्हणजे आभार मानायला तुम्ही सापडूच नये.

दुपारी आम्ही तुम्हाला गाठलंच. त्यावर तुम्ही काय म्हणालात? "चुना सुकत चालला होता. टाकूनच देणार होतो." बरं तात्या. तसं तर तसं.

त्या दिवशी जे धावलो ते आजवरचं सगळ्यात सुंदर धावणं. धुकं विरल्यावर उत्तरेला हर्णैसमोर सुवर्णदुर्ग दिसायला लागला. आसूदला पोफळींच्या बागेतून पायऱ्या उतरलो, साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडला, पुन्हा पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळापाशी आलो आणि गोमुखाच्या गार पाण्याखाली डोकं धरलं. पण या सगळ्याचे फोटो कुणाच्याही मोबाईलमध्ये सापडतील. तुमच्या रेघांचा फोटो आमच्यापैकी एकानेही काढला नाही, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

त्या दिवसापासून एक झालं आहे. मी माणसं पाहायला लागले आहे. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर, तिथून खाली समुद्राकडे येणारे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना गडगे, आणि वळणावर समोरून एसटी आली तर धावणाऱ्याने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. आमच्यासाठी एका चालकाने चढावर गाडी थांबवली. चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या गर्दीत कोळणींनी पाट्या सरकवून आम्हाला वाट करून दिली, वर "पळा गो, पळा" असा आशीर्वाद. आंजर्ल्याच्या पुलाअलीकडे एका भाभींनी न मागता बाटल्या भरून दिल्या, म्हणून कड्यावरच्या गणपतीचा चढ निभला. यांतल्या कुणाच्याही घरावर 'पर्यटकांचे स्वागत' अशी पाटी नव्हती. पाट्या जिथे होत्या तिथला अनुभव वर सांगितला आहे.

तुमच्या मुरूडचेच धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी झाले, १९५८ साली भारतरत्न झाले. मुलगा असताना ते परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, शंभराहून जास्त मैल. तिथे पोचल्यावर साहेबांनी वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. टेबलामागे बसलेल्या माणसाला समोरच्याचे पाय दिसत नाहीत, ते तेव्हाही आणि आताही. वाटेत त्यांना कुणीतरी भाकरी दिली असेल, ओटीवर झोपू दिलं असेल. त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. तुमचंही नाव मी इथे लिहीत नाही, काकींनी बजावलंय म्हणून. पण मुरूडमध्ये ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

आयोजकांना मी पैसे परत मागितलेले नाहीत. त्याऐवजी भरतीच्या पाऊणपटीचा हिशेब त्यांना लिहून पाठवला. अजून उत्तर नाही.

काकींनी दिलेली आमसुलं पोचली, निम्मी संपलीसुद्धा. नातवाला म्हणावं, बूट मी आणते आहे, पायाचं माप तेवढं कागदावर आखून फोटो पाठव. आम्ही माघी पौर्णिमेला येतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, आणि उजाडेपर्यंत कर्दे ते मुरूड पुळण मोकळी. हिशेब चुकला असेल तर निघायच्या आधी कळवा.

तुमची,
सुपारी तुडवता तुडवता राहिलेली