व्हिएन्नाहून अप्पांना पत्र

व्हिएन्ना, रविवार

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नुसते राजवाडे काय बघत फिरतेस?" म्हणून हे पत्र. काल पाहिला तो राजवाडा नव्हे, वाडाच. लोबकोवित्झ सरदारांचा. ऑपेराच्या (संगीतनाटकांच्या) थिएटरामागे चार पावलांवर, अगदी हमरस्त्याला लागून. 1683 साली तुर्कांचा वेढा उठला (आपल्याकडे तेव्हा संभाजीराजे गादीवर होते) आणि इथल्या सरदारांना जरा उसंत मिळाली. जहागिरी लांब, पण बादशहाच्या डोळ्यांसमोर राहायला हवं, म्हणून जो तो शहरात वाडे बांधू लागला. हा त्यातला अगदी सुरुवातीचा. बांधला दीट्रिखश्टाइन नावाच्या सरदाराने, लोबकोवित्झांकडे आला तो अठराव्या शतकात.

मी गेले होते ती त्यांच्या दिवाणखान्यासाठी. 1804 च्या उन्हाळ्यात बेटोफेनची (आपण बीथोव्हेन म्हणतो तो संगीतकार) तिसरी सिंफनी, म्हणजे सगळ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, 'इरोइका', पहिल्यांदा वाजली ती इथे, घरच्या मंडळींपुढे. मला वाटलं होतं भलंमोठं सभागृह असेल. कसलं काय! आपल्या शाळेच्या हॉलमध्ये याहून जास्त माणसं बसतील. छत मात्र उंच आणि चित्रांनी भरलेलं. एवढ्याशा जागेत सगळा वाद्यवृंद बसवायचा म्हणजे पहिल्या रांगेतल्यांच्या कानांचं काय झालं असेल!

ही सिंफनी खरं तर नेपोलियनच्या नावाने लिहिलेली. तो स्वतःच सम्राट झाला म्हटल्यावर बेटोफेन भडकला. एका हस्तलिखितावरचं नेपोलियनचं नाव त्याने इतकं खरवडलं की कागदाला भोक पडलं. मग ती अर्पण केली या वाड्याच्या तेव्हाच्या मालकाला, लोबकोवित्झला. हा सरदार स्वतः व्हायोलिन वाजवायचा, गायचा. 1809 साली तिघा श्रीमंतांनी मिळून बेटोफेनला वर्षाला 4000 फ्लोरिन (तिथलं तेव्हाचं नाणं) द्यायचं ठरवलं, त्यातले 700 याचे. दोनच वर्षांत त्याची स्वतःचीच तिजोरी रिकामी झाली. गाण्यापायी घर धुऊन निघणं आपल्याला काही नवीन नाही, आईला विचारा!

पुढे वाड्यात फ्रेंच वकिलात आली. नेपोलियनची माणसं अखेर आलीच म्हणायची! नंतर चेकोस्लोव्हाकियाची वकिलात. 1991 पासून इथे नाटकाचं संग्रहालय आहे.

आता तुमच्या कामाचं. रिशार्ड टेश्नर नावाच्या कलावंताच्या बाहुल्या या संग्रहालयाकडे आहेत. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या वायांग बाहुल्या पाहून त्याला हा नाद लागला. खालून काठ्यांनी नाचवायच्या, बोटं सडसडीत, चेहरे जरा भयाणच. मला एकदम पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवल्या. त्या वरून दोऱ्यांनी नाचतात, या खालून काठ्यांनी, पण रामायण-महाभारत जावाच्या बाहुल्यांनाही पाठ!

कुडाळहून पिंगुळीला गेलात की एका बाहुलीचे दोरे नीट दिसतील असा फोटो काढून पाठवा. ऑफिसातल्या एका बाईंना दाखवायचाय, त्यांना दोऱ्यांचं काही केल्या पटत नाहीये.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल लावत जा.

तुमची,
सुमी