माझ्या मागे सावकाश चालवणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

नाव लिहू नका, असं तूच बजावलं आहेस. कॉलेजात चिडवतील म्हणालास. म्हणून नुसतं मित्रा. तू नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात, मी साताऱ्यात, पन्नाशीला दोन वर्षं कमी. आपण अजून समोरासमोर भेटलेलो नाही. तरी गेल्या सहा महिन्यांत गाडी चालवण्याबद्दल जे काही मी शिकलो ते तुझ्याकडून, आणि हे मला चारचौघांत सांगायचं आहे.

आपली ओळख अक्षरशः अपघातानेच झाली. असेतो कोर्सा या स्टिअरिंग-पेडल जोडून संगणकावर खेळायच्या रेसिंगच्या खेळात, नेदरलँड्समधल्या झांडवूर्ट सर्किटवर ऑनलाइन रेस होती, सगळ्यांना एकच गाडी, १९६७ची फॉर्म्युला वनची लोटस ४९. पहिलंच वळण टारझान. मुख्य सरळ रस्ता संपतो आणि उजवीकडे वळून गाडी पार उलट्या तोंडाची होते. मी ब्रेक उशिरा मारला, पुढची चाकं लॉक झाली आणि मी सरळ तुझ्या गाडीच्या मागच्या चाकावर जाऊन आदळलो. चॅटमध्ये टाइप केलं, "माफ करा, चुकलं माझं." तू नंतर सांगितलंस की एवढं शुद्ध वाक्य वाचूनच कळलं, हे कुणीतरी काका आहेत. तुझी रेस संपली होती. शिव्या येतील म्हणून मी तयार बसलो होतो. तू लिहिलंस, "काका, या गाडीला तुम्ही घाबरता का? डिस्कॉर्डवर या, बोलू."

घाबरत होतो. मान्य करायची लाज वाटत होती, एवढंच. बावीस वर्षं गाडी चालवतोय, खंबाटकी, पसरणी, यवतेश्वर, सगळे घाट पावसात-धुक्यात केलेले. शिकलो मारुती ८००वर. ती ३७ अश्वशक्तीची, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आणि ही लोटस पाचशे किलोची, तिच्या पाठीला बांधलेलं कॉसवर्थचं तीन लिटरचं व्ही-८ इंजिन चारशे अश्वशक्तीचं. म्हणजे मारुतीहून हलकी आणि दहापटीहून ताकदवान. वर पंख नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये पंख आले १९६८ साली. हवा या गाडीला जमिनीवर दाबत नाही, जी काही पकड आहे ती चार टायरांची. चाकं घसरू नयेत म्हणून असणारं ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस वगैरे तर या गाडीत काहीच नाही. दोन महिने मी या गाडीत बसून फक्त गिरक्या खाल्ल्या. आमच्या घरून शेरा आला होता, "गोल गोलच फिरायचं तर दळण आणा, गिरणीसुद्धा गोलच फिरते."

पहिल्या संध्याकाळी तू मला गाडी चालवूच दिली नाहीस. आधी विचारलंस की ब्रेक मारल्यावर खुर्ची मागे जाते का. जायची. चाकांची ऑफिसची खुर्ची, खाली गुळगुळीत फरशी. जोरात ब्रेक दाबला की गाडी थांबायच्या आधी मीच मागे सरकायचो. तू म्हणालास, "जुने बूट आहेत? खुर्चीची चाकं बुटांत घाला." मला वाटलं थट्टा करतोयस. खुर्चीला पाच चाकं, म्हणून माझे दोन, मुलाचे शाळेचे दोन आणि एक पावसाळी सँडल. खुर्ची जागची हलेना! ते दृश्य बघून घरात जे हसू झालं ते झालं, पण त्या दिवसापासून ब्रेकवर मी रोज सारखाच जोर देऊ शकलो. पाय किती दाबला हे शरीराला कळायचं तर पाठ टेकलेली राहायला हवी, ही गोष्ट मला दोन महिन्यांत सुचली नव्हती.

मग टेप आणायला लावलीस. डोळ्यांपासून स्क्रीन किती लांब? ७५ सेंटिमीटर. स्क्रीन २४ इंची. तू हिशोब करून सांगितलंस की खेळातलं जग मला उभ्या दिशेने २३ अंशांत दिसायला हवं, आणि सेटिंगमध्ये मी ठेवले होते पन्नासच्या वर. म्हणजे मी जग दुर्बिणीच्या उलट्या बाजूने बघत होतो. वळण लांब वाटायचं, मग एकदम अंगावर यायचं. स्क्रीन ४५ सेंटिमीटरवर ओढली, ३७ अंश केले. पहिल्यांदा सगळं संथ वाटलं, आजूबाजूचं दिसेना म्हणून मी कुरकुरलोही. तिसऱ्या दिवशी टारझानला ब्रेक मारायची जागा मला आपोआप दिसायला लागली.

स्टिअरिंगचंही तसंच. आतली मोटर टायरवरचा ताण हाताला कळवते, हे मला माहीत होतं, म्हणून मी तिचा जोर पुरा शंभरावर नेऊन ठेवला होता. जास्त जोर, जास्त कळणार! तू समजावलंस की मोटरची ताकद एकदा संपली की त्यापुढचे सगळे ताण तिला सारखेच. वळणात टायर अजून पकडून आहे की सुटायला लागलाय, हा फरक नेमका त्या वरच्या टोकाला असतो आणि तोच मी कापून टाकत होतो. जोर साठवर आणला. स्टिअरिंग हलकं झालं आणि बोलायला लागलं. इंजिनाचा आवाज कमी करून टायरचा वाढवायला लावलास, तेही त्याच दिवशी. खऱ्या गाडीत मागची बाजू निसटायला लागली की आधी बुडाला कळतं. बुटातल्या खुर्चीला ते कसं कळणार? तिथे कान आणि मनगटं एवढंच आपल्या हातात.

यानंतर झांडवूर्ट बंद. तू मला इटलीतल्या माजोनेला नेलंस, जेमतेम अडीच किलोमीटरचं सर्किट. फक्त तिसरा गिअर. वेळ बघायची नाही, घड्याळ स्क्रीनवरून काढून टाका. दहा लॅप गिरकी न खाता पूर्ण झाल्या की मला सांगा, म्हणालास. मला वाटलं हे काय, दहा मिनिटांचं काम. दहा लॅप पूर्ण व्हायला नऊ दिवस लागले.

रिप्लेमध्ये तू माझ्या पायाचा आलेख दाखवलास. रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर, एकतर शून्य किंवा शंभर, मध्ये काहीच नाही. "काका, तुमचा पाय ट्यूबलाइटच्या बटणासारखा चालतो. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा चालवा." हे वाक्य मी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलंय.

मूळ दुखणं मात्र वेगळंच होतं, आणि ते तू पकडलंस. वळणात भीती वाटली की मी रेस सोडत होतो. घाटात ते बरोबरच आहे, बावीस वर्षं त्याच सवयीने मला सुखरूप घरी आणलं. या गाडीत वळणाच्या मध्यावर पाय उचलला की इंजिन मागची चाकं आवळतं, वजन पुढे झुकतं, मागचे टायर हलके होतात आणि मागची बाजू पुढे यायला निघते. म्हणजे जी गोष्ट होईल म्हणून मी घाबरत होतो ती माझ्याच पायाने घडवत होतो. मग त्यात घाबरून ब्रेक! तू सांगितलंस, वेग कमी करायचा तो सरळ रस्त्यावर, वळायच्या आधी. आत शिरलात की रेस अगदी थोडी धरून ठेवा, गाडी पळवण्यापुरती नाही, मागच्या चाकांवर वजन राहण्यापुरती. डोक्याला हे पाच मिनिटांत पटलं. पायाला पटायला दोन महिने लागले. पाय फार हट्टी.

हातांचा धडा नंतरचा. मागची बाजू सुटली की उलटं स्टिअरिंग मारायचं, हे मी वाचून शिकलो होतो आणि मारतही होतो. गाडी सावरायची, मी हुश्श करायचो आणि पुढच्याच क्षणी ती दुसऱ्या बाजूला भिरकावली जायची. तू म्हणालास, पहिला झोका तुम्ही पकडता, दुसरा तुम्हीच देता. टायरना पकड परत मिळते तेव्हा चाकं अजून बाहेरच्या बाजूला वळलेली असतात. उलटं स्टिअरिंग जितक्या घाईने मारलं तितक्याच घाईने परत आणायला हवं, आणि त्यासाठी ते आवळून धरायचं नाही, हातातून सरकू द्यायचं. ते स्वतःच सरळ व्हायला बघतं, फक्त आपण मध्ये यायचं नाही. त्या काळच्या टायरना थोडं घसरणं मानवतं, हेही तूच दाखवलंस. आताच्या टायरपेक्षा ते जास्त तिरकेपणा सहन करतात; लोटस नीट चाललेली असते तेव्हा ती किंचित आडवीच चाललेली असते. मी त्याला चूक समजून दर वेळी दुरुस्त करायला जात होतो.

क्लच-गिअरबद्दल फार लिहीत नाही. खालचा गिअर टाकताना ब्रेकवरचा पाय न काढता त्याच पायाच्या कडेने रेसला टिचकी द्यायची, नाहीतर मागची चाकं आवळतात. अजून दहातल्या तीन वेळा चुकतं.

आणि या सगळ्याच्या मध्ये तू जिम क्लार्कच्या गोष्टी सांगायचास. मला रेसिंगचा इतिहास शून्य माहीत. स्कॉटलंडच्या सीमेवरचा मेंढ्या पाळणारा शेतकरी, १९६३ आणि १९६५चा विश्वविजेता. ४ जून १९६७ला झांडवूर्टला लोटस ४९ पहिल्यांदा शर्यतीत उतरली. चाचण्या लोटसच्याच दुसऱ्या चालकाने, ग्रॅहम हिलने केलेल्या, क्लार्कने त्या आठवड्यापर्यंत ती गाडी चालवलेलीही नव्हती, आणि तो शर्यत जिंकून गेला. हे तू मला माझ्या विसाव्या गिरकीनंतर ऐकवलंस, ते बरं केलं नाहीस. पण त्याच वर्षीच्या इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीची गोष्ट मी घरी सगळ्यांना सांगितली : टायर पंक्चर, एक पूर्ण लॅप मागे पडला, ती भरून काढून पुन्हा पहिला आला, आणि शेवटच्या लॅपला पेट्रोल नीट पोचेना म्हणून तिसरा. पुढच्या एप्रिलमध्ये जर्मनीत हॉकेनहाइमच्या सर्किटवर अपघातात गेला, बत्तीस वर्षांचा. हे सांगताना तू थोडा थांबला होतास. आमच्या माणदेशात धनगर मेंढरं वळवतात ते मी लहानपणापासून बघितलंय, कुणी हिसका देत नाही. क्लार्कचे हात तसेच असणार असं माझं मत आहे. तू हसलास, पण खोडून काढलं नाहीस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. नोव्हेंबरातली ती गुरुवारची रात्र. तुझी परीक्षा सोमवारपासून होती, हे मला नंतर कळलं. मी झांडवूर्टवर परत आलो होतो आणि हुगेनहोल्ट्झला दर लॅपला गिरकी खात होतो. टारझाननंतर थोडं पुढे, डावीकडे जवळजवळ माघारी फिरवणारं ते वळण. आता खऱ्या झांडवूर्टला ते वळण चांगलंच कलतं केलंय, २०२०मध्ये. आपल्या खेळात जुनंच आहे. मी म्हणालो, सोड, माझ्याच्याने होत नाही, वय झालं. तू काही बोलला नाहीस. सर्व्हरवर आलास आणि माझ्या मागे लागलास. लॅपला तू माझ्यापेक्षा दहा-बारा सेकंद वेगवान. तरी चाळीस मिनिटं तू माझ्या मागे माझ्याच वेगाने चालवलंस, एकदाही पुढे गेला नाहीस. मी फिरलो की थांबायचास. मी निघालो की निघायचास. कानात फक्त एवढंच ऐकू यायचं : "धरा… धरा… आता सोडा स्टिअरिंग… हां."

मी गेली कित्येक वर्षं ऑफिसात नव्या मुलांना काम शिकवतो. त्यांच्या मागे चाळीस मिनिटं असा थांबल्याचं मला तरी आठवत नाही. मी शेजारी उभा राहतो, घड्याळ बघतो, आणि शेवटी "सरक, मी करतो" म्हणून माउस हातात घेतो. तुला माझी गाडी हातात घेता येत नव्हती हे खरं. पण पुढे निघून जाणं तर तुझ्या हातात होतं.

एक तक्रार मात्र आहे. सेटअपला हात लावायचा नाही हा तुझा नियम मला आजही पटत नाही. एकदा तुझ्या नकळत मी ब्रेकचा जोर दोन टक्के पुढच्या चाकांकडे सरकवला होता आणि गाडी नक्की शांत झाली होती. तू म्हणशील, गाडी नाही, तुम्ही शांत झाला होता. असेल. हे वाचून तू चिडणार हे माहीत असूनही लिहिलं, कारण आभाराच्या पत्रात खोटं कशाला.

गेल्या रविवारी सकाळी चहाच्या आधी बसलो. झांडवूर्ट, सलग बारा लॅप, एकही गिरकी नाही. वेळेचं नाव काढू नकोस, तुझी आजीसुद्धा माझ्या पुढे जाईल. बाराव्या लॅपला शायफ्लाकच्या उंचवट्यावरून उजवीकडे उतरताना मागची बाजू निसटली. मी काहीच केलं नाही म्हणजे हात सैल ठेवले आणि पाय तसाच धरला, आणि गाडी आपली आपण रांगेत आली. मागे आरशात बघितलं. तू नव्हतास अर्थातच, सकाळचे साडेसहा वाजले होते. सवयीने बघितलं.

साताऱ्याकडे कधी आलास तर सरळ घरी ये. कंदी पेढे आणि खुर्चीचे पाच बूट, दोन्ही तुझी वाट बघतायत.

तुझा,
टारझानला तुला ठोकणारा काका

ता.क. काल रात्री तिसऱ्या लॅपला हुगेनहोल्ट्झला पुन्हा फिरलो. मला वाटतंय पाय उचलला नव्हता. रिप्ले पाठवलाय, आलेख बघून खरं काय ते सांग.