मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या त्या चौघांना

फेब्रुवारीत बायपास झाली आणि वल्हं, शीड सगळंच बंद झालं. मालवणात 22 वर्षं चालवलेली माझी उलांडीची, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला लाकूड बांधलेली, होडी विकावी लागली. न्यायच्या दिवशी मला दांडीच्या वाळूत धड उभंही राहवत नव्हतं. ती न्यायला आलेल्या चौघांनी शेजारच्या घरातून खुर्ची आणली, मला अलगद उचलून होडीत बसवलं, सुकाणू हातात दिलं. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा होता. शीड भरलं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दिशेने थोडं गेलो. परतताना वारा समोरून, तरी एकही शब्द न काढता ते वल्हवत राहिले. उतरल्यावर एकाने शिडाचा जुना दोर गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला. "काकानू, ह्यो तुमचोच." नावं विचारायची राहिली. पोरांनो, मनापासून आभार. दोर उशाशी आहे.