कड जपायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र फक्त तुम्हालाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही शिकवताना हातचं काही राखलं नाहीत, मग आभार तरी बंद पाकिटात का द्यायचे?

चौकोन, त्रिकोण, षटकोन कागदावर काढायला सोपे, पण चांदीच्या पत्र्यात उतरवताना चूक झाकायला जागाच मिळत नाही. वेलबुट्टीत एखादी रेघ हलली तर खपून जाते. चौकोनाचा कोपरा जरा चुकला की ज्याला त्यातलं काही कळत नाही त्यालाही खटकतं.

पत्र्याच्याच तुकड्यावर तुम्ही कोरून दिलेला हिशेब अजून जपून ठेवलाय. पत्रा वाकवण्याआधी कानशीनं पाडायच्या खाचेचा कोन आणि वाकवल्यावर आतून होणारा कोन मिळून १८० अंश. म्हणून चौकोनी नळीला चौकोनी कानशीची धार, खाच ९०ची. षटकोनाला त्रिकोणी कानस, खाच ६०ची. त्रिकोणाला मात्र १२०ची खाच लागते, तिथे आधी ९०ची पाडून मग दोन्ही अंगांनी रुंद करत न्यायची. खोली किती, तर पत्र्याच्या पाठीवर पुसट रेघ उठेपर्यंत. मग एकदाच वाकवायचं. मागेपुढे केलं की पत्रा तिथेच तुटतो. शेवटी सांध्यात झाळ, म्हणजे वितळवून सांधा जोडणारा धातू, भरायची, कारण तिथे धातू नावालाच उरलेला असतो.

पोकळ घन बंद करण्याआधी बारीक भोक ठेवायचं, नाहीतर तापवताना आतली हवा फुगून तो फुटू शकतो, हेही तुम्हीच सांगितलंत. एकाच दागिन्यात बरेच सांधे असतील तर उशिरा वितळणारी झाळ आधी आणि लवकर वितळणारी शेवटी, हेसुद्धा.

पण खरे आभार पॉलिशबद्दलच्या तुमच्या हट्टाचे. दागिन्यांच्या स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. तापवल्यावर त्या तांब्यामुळे जांभळट-करडा डाग बसतो, आणि तो घालवायला बरेच जण दागिना सरळ बफिंगच्या चाकावर धरतात. चाक डाग काढतं, पण कडही खातं. चकाकी येते आणि घनाची गोटी होते! तुम्ही जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून प्रत्येक बाजू हातानं घासायला लावलीत, आधी ४०० नंबरचा, मग ६००, मग सगळ्यात बारीक १२००. तेव्हा मनातल्या मनात बरीच कुरकुर केली, हे आज सांगून टाकते. आता दागिना हातात घेतला की लोकांचं बोट आपसूक कडेवरून फिरतं, चकाकीचं कुणी काही बोलत नाही.

सध्या द्वादशफलक डोक्यात आहे. बारा पंचकोन, शेजारच्या दोन बाजूंमधला कोन ११६.६ अंशांच्या आसपास, म्हणजे खाच ६३.४ची. त्रिकोणी कानस जेमतेम कमी पडते. तिलाच थोडं कलतं धरून भागेल, की सगळे पंचकोन सुटे कापून कडा तिरप्या घासू? वेळ मिळेल तेव्हा कळवा.

तुमची विद्यार्थिनी