दुखते आहे, हे आधी आम्हाला सांग

इंदूर,
रविवार, रात्र

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या एमआरआयचा अहवाल नंदूमामाने मला फोनवर वाचून दाखवला. कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या डाव्या बाजूला पुन्हा भेग दिसते आहे आणि निदान चार महिने गोलंदाजी करायची नाही, हे मला त्याच्याकडून कळले. राज्याच्या संघाची यादी लागली आणि तीत तुझे नाव नाही, हे अभयने सांगितले. सायंकाळी तू स्वतः फोन केलास, तेव्हा आवाज हसरा ठेवून "मी एकदम पॉझिटिव्ह आहे, तू काळजी करू नकोस" एवढेच म्हणालीस आणि फिजिओ आल्याचे सांगून फोन ठेवलास. रविवारी तुझा फिजिओ येत नाही, हे मला ठाऊक आहे. मी रागावलेली नाही. फोनवर तू मला पुरते बोलू देणार नाहीस आणि बोलू दिलेस तरी माझा आवाज टिकणार नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

एक प्रश्न आरंभीच विचारून टाकते, म्हणजे बाकीचे पत्र त्यातून मोकळे होईल. कंबर दुखायला नेमकी केव्हापासून लागली होती?

मी हे विचारते त्याला कारण आहे. पहिल्या वेळी, तू एकोणीस वर्षांची असताना, डॉक्टरांनी कागदावर मणका काढून आपल्या दोघींना सारे समजावले होते, ते मी विसरलेले नाही. उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणाऱ्याचा डावा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर वर येतो आणि त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला कललेली आणि पिळलेली असते. तो सगळा भार मणक्याच्या मागच्या बाजूच्या एका अरुंद हाडावर, बहुतेक वेळा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला, पुन्हा पुन्हा पडत राहतो. हाड एका दिवसात चिरत नाही. आधी त्याच्या आत सूज येते, ती एमआरआयमध्ये दिसते, आणि तेव्हाच थांबले तर भेग पडण्याआधी ते हाड भरून येऊ शकते. म्हणजे मधे काही आठवडे असे असतात की शरीर सांगत असते आणि ऐकणारा हवा असतो. निवड चाचणीच्या आधी तू सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा नेटमध्ये गोलंदाजी करत होतीस. त्या दिवसांत दुखत होते ना? दिवाळीत तुझ्या किटच्या कप्प्यात वेदनाशामक गोळ्यांचे अर्धे संपलेले पान मी पाहिले होते आणि तू डोकेदुखीचे कारण दिले होतेस. मी तेव्हा पुढे विचारले नाही, कारण तू घरी येऊन दोनच दिवस झाले होते आणि अक्काही आली होती.

आता स्पष्टच विचारते, कारण हे पत्र आपल्या दोघींतले आहे. तुझी पाळी वेळेवर येते आहे का? गेल्या उन्हाळ्यात तू पोळी सोडलीस, भात सोडलास, रात्री नुसती काकडी आणि पनीर खाऊ लागलीस आणि वजन उतरले म्हणून खूश होतीस. मी त्याविषयी पुष्कळ वाचले आहे. जितके श्रम होतात तितके अन्न पोटात गेले नाही, तर शरीर आधी पाळी बंद करते, त्याबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरते आणि हाडांची डागडुजी मागे पडते. अशा खेळाडू मुलींना ताणाने होणाऱ्या अस्थिभंगाचा धोका अधिक असतो. ही गोष्ट लाजेपोटी डॉक्टरांपासून लपवली जाते आणि मग सगळे जण केवळ गोलंदाजीच्या शैलीत दोष शोधत बसतात. तेव्हा नाचणी खा, तीळ खा, दही खा, दोन्ही वेळा पोटभर पोळी-भाजी खा, ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घे, उजाडल्यावर थोडा वेळ उन्हात बस, रात्री अकराच्या पुढे मोबाइल हातात घेऊ नकोस... पाहा, लागलेच मी शिकवू. क्षमा कर. तू बावीस वर्षांची आहेस आणि आहारतज्ज्ञ तुझ्याजवळ आहेत. परंतु त्यांनाही खरे सांगितल्याशिवाय कसे कळणार?

तू लहान होतीस तेव्हाचे आज सारखे आठवते आहे. चिमणबागच्या मैदानावर मुलांच्या सामन्यात तू एकटी मुलगी होतीस. एका सामन्यात झेल घेताना तुझ्या उजव्या हाताची करंगळी मोडली, तरीही तू शेवटपर्यंत मैदान सोडले नाहीस आणि रात्री डाव्या हाताने जेवायला बसलीस. बाबांनी विचारले तेव्हा, दोन्ही हातांनी सगळे जमायला हवे असे सरांनी सांगितले आहे, असे उत्तर दिलेस आणि वरणभात सांडत सांडत पान संपवलेस. दुसऱ्या दिवशी बोट काळेनिळे झाल्यावर खरे काय ते कळले. लोकमान्यनगरातल्या प्रत्येक घरात मी ती हकीकत सांगितली आहे. मला तुझा तेव्हा किती अभिमान वाटला होता, हे तुला माहीत आहे, आणि तो आजही आहे. पण आज त्याच आठवणीने माझ्या छातीत धस्स होते, कारण करंगळी आणि मणका यांत फार अंतर आहे.

आबा असते तर तू त्यांना सांगितले असतेस. तुम्हा दोघांचे ते जिन्याखालचे जग मला कधी पुरते कळले नाही, पण त्यांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकलेल्या आहेत. आपल्या इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53, हे ते पाढे म्हणावेत तसे म्हणत. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांना यशवंत क्लबच्या मैदानावर खेळताना पाहिल्याचे सांगत. मात्र त्यांचा जीव जडला होता तो भाऊसाहेब निंबाळकरांवर. निंबाळकरांनी डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांच्या 452 धावांना केवळ नऊ कमी होत्या, आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. पुढे ते होळकर संघाकडूनही खेळले. भारताकडून कसोटी खेळण्याची संधी मात्र त्यांना एकदाही मिळाली नाही. आबा म्हणत, एवढे होऊनही तो माणूस त्यानंतर कित्येक वर्षे बॅट घेऊन मैदानात उतरत राहिला, त्याला खेळ आवडत होता.

ही गोष्ट मी तुला मुद्दाम आधी सांगते आहे. संकटातल्या माणसाला लोक परत उभे राहिलेल्यांच्याच कथा सांगतात आणि आज सकाळपासून मलाही त्याच आठवत आहेत. चंद्रकांत पंडित कर्णधार असताना 1999 मध्ये आपला मध्य प्रदेश बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात आघाडी घेऊनही शेवटच्या दिवशी कर्नाटकाकडून हरला. 23 वर्षांनी, जून 2022 मध्ये, त्याच मैदानावर मुंबईला हरवून मध्य प्रदेशाने पहिल्यांदा करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक पंडितच होते, आणि त्यांचे डोळे भरून आलेले पाहून बाबा आणि तू दोघेही दूरदर्शन संचासमोर उभे राहिला होतात. तुझ्याच तोंडून मी पॅट कमिन्सविषयी ऐकले आहे: नोव्हेंबर 2011 मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी, तीत दुसऱ्या डावात सहा बळी, आणि मग पाठीच्या दुखापतींमुळे दुसरी कसोटी थेट मार्च 2017 मध्ये रांचीला. तेव्हा पाच वर्षे ही किती असतात, असे तू मला विचारले होतेस. चार महिने तुला आज त्याहून मोठे वाटत असतील, याची मला कल्पना आहे.

तूही अशीच परत येशील, असे मला लिहावेसे वाटते. पण ते माझ्या हातात नाही, तुझ्याही पूर्ण हातात नाही, आणि ज्याची हमी देता येत नाही त्यावर तुझी उमेद उभी करावी, हे मला पटत नाही. तू परत आली नाहीस तर काय, हा विचार माझ्या मनात आला आहे आणि मी तो तुझ्यापासून लपवणार नाही. तसे झाले तर मला दुःख होईल ते तुझ्यासाठी. आमच्या घरात तुझी जागा एका यादीने ठरलेली नाही. तुझी एम.ए.ची राहिलेली परीक्षा, पैशाचे, खोलीच्या भाड्याचे यांविषयी बाबा तुला स्वतंत्र लिहितील. त्याची चिंता करू नकोस.

मला बोलायचे आहे ते त्या 'पॉझिटिव्ह'विषयी. 30 ऑक्टोबर 2025 ची ती रात्र तुला आठवते. ऑस्ट्रेलियाने महिलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 339 धावांचे लक्ष्य ठेवले होते आणि जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 धावा करून नवी मुंबईत तो सामना जिंकून दिला. तू व्हिडिओ कॉल चालू ठेवून खोलीत नाचत होतीस. मी मात्र सामन्यानंतर ती काय बोलली, ते ऐकत बसले होते. याच स्पर्धेत एका सामन्यात तिला संघाबाहेर बसावे लागले होते. आपण जवळजवळ रोज रडत होतो, मनाची घालमेल चालू होती, आईला फोन करून रडत होतो, हे तिने सगळ्या जगासमोर सांगितले. त्या विश्वचषकातल्या इतर पुष्कळ गोष्टी मी विसरेन, हे विसरणार नाही. एवढी मोठी खेळाडू रोज रडून दुसऱ्या दिवशी सरावाला जात होती. रडणे आणि सराव दोन्ही एकाच मुलीत मावत होते. मग तुला माझ्यापुढे हसरा आवाज का काढावा लागतो? आम्ही घाबरू, म्हणून का? आम्ही घाबरलेलोच आहोत, मृणाल. तू सांगितलेस म्हणून आमची भीती वाढणार नाही. न सांगितल्याने मात्र मी रात्रभर तुझ्या जागी तुझ्या कंबरेचा अंदाज करत पडून राहते. कूस बदलताना दुखते का? सकाळी मोजे घालायला वाकताना कळ येते का? डावीकडच्या पायात मुंग्या येतात का?

पुन्हा तोच प्रश्न झाला. मी ठरवले होते की एकदाच विचारीन.

उमेद ठेवू नकोस, असे मी म्हणत नाही. तुझ्यात ती आहेच; ती मी तुला शिकवलेली नाही, तू जन्मतःच घेऊन आलीस. पण या चार महिन्यांत उमेद म्हणजे फिजिओने दिलेला कंटाळवाणा व्यायाम रोज करणे, पोटभर जेवणे, वाईट दिवसाला वाईट म्हणणे आणि चेंडू परत हातात आल्यावर ठरवून दिलेल्या चेंडूंपेक्षा एकही जास्त न टाकणे. पहिल्या वेळी हाड भरून आल्यावर चेंडूंची संख्या हळूहळू वाढवायची होती आणि तुला धीर धरवत नव्हता, हे तुझ्या सरांनीही मला सांगितले होते. मैदानाबाहेर बसून मैत्रिणींचा सामना पाहणे तुला किती जड जाईल, ते मी जाणते. त्या दिवशी मला फोन कर आणि काही बोलू नकोस, नुसती रड, तरी चालेल. सामना चालू असेल तर मी बाबांना आवाज कमी करायला सांगीन.

अभय मंगळवारच्या पुण्याच्या गाडीने निघतो आहे. त्याच्याबरोबर नाचणीचे सत्त्व, तिळाची चटणी, गुळपापडीचा डबा आणि तुझी जुनी निळी शाल पाठवते. इंदुरी शेवही आहे, पण ती खोलीतल्या मुलींना दे. डब्याच्या खाली एक वही ठेवली आहे. तीत रोज सकाळी आणि रात्री कंबर किती दुखली ते शून्य ते दहा यांपैकी एका आकड्याने लिही, त्या दिवशी काय व्यायाम केलास आणि गोळी घेतलीस का तेही लिही. ती वही तुझ्या डॉक्टरांना उपयोगी पडेल, असे नंदूमामाही म्हणाला. त्यातल्या आकड्याचा रोज एक फोटो मला पाठव. शून्य नसताना शून्य लिहू नकोस. आठ असेल तर आठ लिही. मी लगेच फोन करून तुला भंडावणार नाही, असा प्रयत्न करीन.

पुढच्या तपासणीला मी तुझ्याबरोबर आत येणार आहे. तू नको म्हणशील, हे धरूनच लिहिते. बाहेर बाकावर बसायलाही माझी हरकत नाही, पण पुण्याला मी येणार. डॉक्टरांनी कोणती तारीख दिली आहे, ती उद्या दुपारच्या आत कळव, कारण गाडीला गर्दी असते आणि बाबांना तिकीट काढायचे आहे.

तुझी,
आई