तळहात चोळून गरम केलेत, त्याबद्दल

आशाताई,

गावात घरोघरी आरोग्याचं काम करता, म्हणून सगळे तुम्हाला आशाताईच म्हणतात; तुमचं खरं नाव मात्र इथे लिहीत नाही. "नाव टाकलंस तर बोलणार नाही," अशी तंबी तुम्हीच दिली आहे. पण लेक आता पाच महिन्यांची झाली, पालथी पडून खिदळते, आणि हे लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आले. तालुक्याच्या ज्या खासगी दवाखान्यात बाळंत झाले तिथे एसी होता, बिलही वेळेवर आलं. दोन किलो शंभर ग्रॅमच्या बाळाबद्दल मात्र "सगळं नॉर्मल, घरी न्या" एवढंच. ती दूध ओढत नाही म्हटलं तर "पहिलटकरणी अशाच घाबरतात". डॉक्टरांनी मानही वर केली नाही.

सातव्या दिवशी तुम्ही आलात. पौषातली थंडी. साबणाने हात धुतलेत, पुसलेत, आणि बाळाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळलेत. स्वतःच्या गालाला लावून पाहिलेत. पुन्हा चोळलेत. सात दिवसांत माझ्या लेकीला कितीतरी हात लागले होते, त्यात शिकलेलेही होते. आपला हात तिला गार लागेल, हे फक्त तुमच्या मनात आलं.

मग पोट, मग तळपाय चाचपलेत. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजलेत. पुन्हा मोजलेत. अडुसष्ट. साठच्या वर गेले की थांबायचं नाही, हे मला नंतर कळलं, तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "पोटाशी धर, लुगड्याच्या आत. निघू." आई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या शोधत होती. तिला रागावला नाहीत. "काढा, पण गाडी येईपर्यंतच," म्हणालात.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातले अकरा दिवस लिहीत नाही. न्यूमोनिया होता, वेळेत पोचलो.

काचेपलीकडे लेक झोपलेली असायची तेव्हा मी मोबाइलवर वाचत बसायचे. घरी येऊन बाळ तपासायच्या तुमच्या या फेऱ्यांचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे, हे तिथेच समजलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं, आणि २०११मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन बाळ तपासायचं काम देशभरच्या आशांकडे दिलं. म्हणजे माझ्या लेकीचा सातवा दिवस तिच्या जन्माआधीच कुणीतरी कागदावर नेमून ठेवला होता. हात गरम करायचं मात्र कुठल्याही कागदात नसावं. असलं तरी ते कागद वाचून येत नाही.

आणि या कामाचे पैसे? तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंतच्या सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. सरकारदरबारी तुम्ही अजून 'स्वयंसेविका'. त्या दवाखान्याच्या बिलात नुसत्या हातमोज्यांचे याहून जास्त लावले होते, ताई. मला लाज वाटली.

बेचाळिसाव्या दिवशी झोळीच्या काट्यावर लेक तीन किलोच्या पुढे गेली. आईने साडी पुढे केली, ती तुम्ही घेतली नाहीत. चहा घेतलात, तोही अर्धाच कप. वरच्या आळीतल्या बाळाचा तिसरा दिवस होता.

तुमची,
पाटलांच्या वाड्यामागची पहिलटकरीण